दोनशे बारा नंबरची कुंडी

पेन्सिलीला टोक काढता काढता म्हाताऱ्या ग्रंथपालांनी ती निम्मी संपवली. टेबलावर सालपटांचा ढीग झाला, शिसं दोनदा मोडलं, तरी समोरच्या मुद्रितांना हात लावायचा धीर होईना. सहा प्रकरणं तपासून झाली होती. सातवं उघडलं की नऊ वर्षांपूर्वी आलेलं एक पत्र आठवायचं, त्याला आपण उत्तर दिलं नाही हे आठवायचं, आणि मग पेन्सिलीला पुरेसं टोक नाही असं त्यांच्या लक्षात यायचं.

पुस्तक त्यांचं एकुलतं एक. जीवशास्त्राला वळण लावणाऱ्या बारा माणसांच्या गोष्टी, शाळकरी मुलांसाठी लिहिलेल्या. पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव पाहून दचकलेला कापडाचा व्यापारी, मठाच्या परसात वाटाण्याच्या पिढ्या मोजत बसलेला साधू, किड्यांची रूपं रंगवण्यासाठी धाकट्या मुलीला घेऊन समुद्रापार गेलेली चित्रकार. अकरा जणांची भेट ग्रंथपालांना कागदावरच झाली होती. सातव्या प्रकरणातल्या सरांना, एका वनस्पतिशास्त्रज्ञाला, मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांच्या हाताखाली एकतीस वर्षं काढली होती. म्हणून वाचक म्हणायचे, सातवं प्रकरण सगळ्यांत जिवंत आहे. ते ऐकलं की ग्रंथपाल मान खाली घालून सदऱ्याचं वरचं बटण नीट करत. लोकांना तो विनय वाटे.

प्रकाशकांना बऱ्याच वर्षांनी नवी आवृत्ती काढायची होती. संपादक बाईंनी समासात तांबड्या शाईने विचारलं होतं: ‘कुंडीचा नंबर एका पानावर २१२, दुसऱ्यावर २२१. बरोबर कोणता?’

“अजून टोकच काढतोयस?” थोरली बहीण दारात येऊन उभी राहिली. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याकडेच राहत होती आणि आल्या दिवसापासून तिने भावाला सुखाने घाबरू दिलं नव्हतं.

“शिसं कच्चं निघालं, ताई.”

“शिशाला कशाला नावं ठेवतोस? परीक्षेच्या दिवशीसुद्धा तू असाच दौत धूत बसायचास. शेवटी बाबा म्हणाले, आता दौतीलाच परीक्षेला पाठवू.” तिने पुढे वाकून मुद्रितांवरचा आकडा पाहिला. “सातवं होय? तरीच. त्या बाईला लिहिलंस का शेवटी?”

“कोणत्या बाईला?”

“झोपेचं सोंग घेऊ नकोस. माळ्याच्या मुलीला. पोस्टमनकडून ते पत्र मीच घेतलं होतं.”

“लिहायला घेतलं होतं.”

“कितव्यांदा?”

“सात... आठ वेळा असेल.”

“तुझं पत्र म्हणजे नुसती प्रस्तावना. मजकूर सुरू होईपर्यंत वाचणारा वर जातो.”

बोलून गेल्यावर ते तिचं तिलाच लागलं असावं. ती खुर्ची ओढून बसली आणि टेबलावरची सालपटं उगाच तळहातावर गोळा करू लागली. ग्रंथपाल उठले. शब्दकोशाच्या दोन खंडांमागे हात घालून त्यांनी पाकीट काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. पाकिटाच्या कडा घासून मऊ झाल्या होत्या. न वाचलेल्या पत्राच्या कडा अशा होत नाहीत.

ताईने चष्मा लावून वाचलं. अक्षर ठसठशीत, ओळी सरळ.

‘मी दवाखान्यात नर्स आहे. माझ्या मुलीला शाळेत तुमचं पुस्तक बक्षीस मिळालं. त्यात सरांच्या प्रकरणात लिहिलं आहे की सरांनी दोन कुंड्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि शोध लागला. माझे वडील त्या वेळी त्या बागेत माळी होते. कुंडी जागेवरून हलली म्हणून त्यांना कामावरून काढलं. ते म्हणतात, मी काही वाईट केलं नव्हतं. एवढंच म्हणतात, पुढे बोलत नाहीत. माझी आई शेवटपर्यंत म्हणायची, काहीतरी केलं असेल, उगाच कोण काढतं? तुम्ही तिथे होता, असं वडील सांगतात. कुंडी कोणी हलवली होती? खरं असेल ते लिहा. त्यांना आता दिसत नाही, पण मी वाचून दाखवीन.’

“यात एवढं अवघड काय आहे?” ताईने पत्राची घडी घातली. “माहीत असेल तर सांगायचं. नसेल तर नाही म्हणायचं.”

“माहीत आहे.”

“मग? कोणी हलवली?”

ग्रंथपालांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुन्हा काढला.

“मी.”

•

तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, वनस्पती उद्यानाच्या ग्रंथालयात लेखनिक. अक्षर मोत्यासारखं आणि आवाज मुंगीसारखा. काहीही बोलले तरी शेवटी ‘अर्थात, याला अपवाद आहेत’ अशी शेपटी जोडायचे. सरांनी त्यांचं नाव ‘तळटीप’ ठेवलं होतं आणि ते सगळ्या उद्यानात रूढ झालं होतं. शिपाईसुद्धा हाक मारायचा, “तळटीप, साहेबांनी बोलावलंय.”

उद्यानात एक काचघर होतं. त्याच्या दोन खोल्या, मधे दार. एक खोली कोरडी आणि उबदार. डोंगराच्या उन्हाच्या अंगाला वाढणारी झाडं तिथे. दुसरी दमट, सावलीच्या अंगाची झाडं तिथे. दोनशे बारा नंबरच्या कुंडीत एक झुडूप होतं, अरुंद पानांचं, लोंबत्या पिवळट तुऱ्यांचं. ती कोरड्या खोलीत असे. दमट खोलीत तीनशे सात नंबर: रुंद पानं, आणि फुलं इतकी बारकी की ती आली आणि गेली तरी कोणाला पत्ता लागू नये. शंभराहून जास्त वर्षं पुस्तकांत या दोघांची नावं वेगळी होती. बागेत दोघांनाही कधी फळ धरलं नव्हतं. फांदी लावायची आणि नवं रोप करायचं, एवढंच.

थंडीचे दिवस होते. ग्रंथालयात बोटं आखडायची म्हणून लेखनिक दुपारच्या सुट्टीत पुस्तक घेऊन कोरड्या खोलीतल्या दगडी कट्ट्यावर जाऊन बसत. एका दुपारी दोनशे बारा आड येत होती, उजेड अडवत होती. त्यांनी ती उचलली. खोलीत दुसरीकडे टेकवायला जागा नव्हती, तेव्हा दारातून पलीकडे नेऊन दमट खोलीत, तीनशे सातच्या शेजारी ठेवली. जाताना परत आणू, असं मनाशी म्हणाले. पुस्तकात रमले, घंटा झाली, धावत गेले.

दोन दिवसांनी आठवण झाली. ग्रंथालयातलं पुस्तक भलत्या कप्प्यात गेलं तर ते हरवल्यातच जमा, तशी बागेतली कुंडी. ते लगबगीने गेले, तर आत माळीबुवा होते. उंच, किंचित वाकलेले, बोलणं कमी. त्यांच्यादेखत कुंडी उचलायची म्हणजे आपण हलवली हे सांगावं लागणार. लेखनिक दारातूनच वळले. उद्या ठेवू. उद्या करता करता सात आठवडे गेले.

मग अधीक्षकांची पाहणी झाली. दोनशे बारा दमट खोलीत सापडली. जबाब लिहून घ्यायला सुंदर अक्षराचा माणूस हवा, म्हणून लेखनिकालाच बोलावणं आलं.

“ही इथे कशी?” अधीक्षकांनी विचारलं.

“इथे आहे हे मला माहीत होतं, साहेब,” माळीबुवा म्हणाले.

“कोणी आणली?”

माळीबुवांनी एकदा लेखनिकाकडे पाहिलं. त्याच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाले, “दोष माझा धरा.” आणि आणखी एक वाक्य बोलले. अधीक्षकांनी हात वर केला. “ते लिहायची गरज नाही.” लेखनिकाने पेन उचललं.

त्या आठवड्यात माळीबुवांना कामावरून काढलं. कुंडी जागेवर आली. दोन महिन्यांनी तीनशे सातला वाटाण्याएवढी जांभळी फळं धरली. सर तीन दिवस त्या झुडपासमोर उकिडवे बसून होते. दोन झाडं नव्हतीच ती, एकाच जातीच्या झाडाचे नर आणि मादी होते; शंभर वर्षं पुस्तकांनी नवरा-बायकोला दोन आडनावं देऊन परक्या घरी ठेवलं होतं. सरांनी निबंध लिहिला. मग वाळवून ठेवलेल्या नमुन्यांतून आणखी अशा नऊ जोड्या काढल्या, आणि नर-मादीची रूपं इतकी वेगळी का होतात, या प्रश्नावर सारं आयुष्य लावलं. दूरदूरचे विद्वान ते काचघर पाहायला येऊ लागले. कुंड्या कोणी शेजारी ठेवल्या, हे सरांनी विचारलं होतं. अधीक्षक म्हणाले, एका माळ्याचा निष्काळजीपणा. त्याला शोधून आणा, असं सर म्हणाले. अधीक्षक हो म्हणाले, आणि ते हो तिथेच राहिलं.

लेखनिक गप्प राहिले. फळं धरण्याआधी बोलले असते तर ती आपल्या चुकीची कबुली झाली असती, आणि तेवढी छाती नव्हती. फळं धरल्यावर तीच कबुली बढाई झाली असती, आणि तेवढी तर मुळीच नव्हती. पुढे पुस्तक लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘एके दिवशी सरांनी दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून पाहिल्या.’ सर तोवर गेले होते. वाक्य गुळगुळीत होतं. कोणाला टोचत नव्हतं.

•

“म्हणजे तुझ्यामुळे त्या माणसाचं काम गेलं,” ताई म्हणाली.

“हो.”

“आणि तुझ्यामुळे एवढा मोठा शोध लागला.”

ग्रंथपालांचा हात सदऱ्याच्या वरच्या बटणाकडे गेला आणि ते नीट करू लागला.

ताई त्या हाताकडे बघत राहिली. “अस्सं,” ती सावकाश म्हणाली. “म्हणजे अपराधही तुझा एकट्याचा आणि शोधही तुझा एकट्याचा. दोन्ही एका पेटीत घालून वर बसलास, आणि मला वाटत होतं, माझा भाऊ भित्रा आहे.”

“तसं नाही, ताई. त्यांनी मला वाचवलं. मी हलवली हे त्यांना कळलं होतं. माझ्याकडे बघितलं आणि नाव घेतलं नाही. एवढं मोठं कोणी केलं असेल तर त्याच्या मुलीला दोन ओळींत काय लिहायचं?”

“दोन ओळीच लिहायच्या. ती तुझ्याकडे शोध मागत नाहीये. बाप खोटं बोलत नव्हता, एवढंच तिला हवंय.”

“आधी कुंडीचा नंबर तपासायला हवा. संपादक बाईंनी विचारलंय. उद्यानात जाऊन यावं म्हणतो.”

“जा की. तेवढंच पत्र आणखी लांबेल.” तिने मूठभर सालपटं केराच्या डब्यात टाकली. “आणि जाताना मफलर घे. शोध लावताना तुला थंडी वाजते.”

•

काचघर तेच होतं. लोखंडाला नवा रंग दिला होता, काचांचे तडे डांबराच्या पट्ट्यांनी बुजवले होते. दार लोटल्याबरोबर ग्रंथपालांच्या चष्म्यावर वाफ धरली. आतून कोणाचा तरी खणखणीत आवाज येत होता.

“दोनशे सात. दोनशे आठ.”

चष्मा पुसून पाहिलं तर चाळिशीतली एक बाई होती. पायात रबरी बूट, हातात लांब तोटीची झारी. एकेका कुंडीपाशी थांबून पाणी घालत पुढे सरकत होती.

“बोला आजोबा,” ती ओझरतं मागे बघत म्हणाली. “दोनशे नऊ. काही हवंय का? माझा हात गुंतलाय, कान मोकळे आहेत. दोनशे दहा.”

“दोनशे बारा बघायची होती. मी पूर्वी इथे ग्रंथालयात होतो. म्हणजे, फार पूर्वी.”

“मग बरोबर वेळेला आलात. येतेच आहे ती. दोनशे अकरा. ही घ्या, दोनशे बारा.”

झुडूप कमरेएवढं होतं. अरुंद पानं, तुऱ्यांच्या बारीक कळ्या. ग्रंथपालांनी वहीत आकडा लिहिला आणि काम संपलं. तरी ते तिथेच घुटमळले.

“तीच का ही? तेव्हाची?”

“तिच्या फांदीच्या फांदीची असेल. झाड बदलतं, नंबर बदलत नाही.”

“तुम्ही नंबर मोठ्याने म्हणता. मनात म्हटला तर नाही चालत?”

ती हसली. “मनात म्हटलं की मन पुढे पळतं. आम्हाला शिकवतानाच असं शिकवतात. नंबर म्हणायचा, कुंडी दिसली की पाणी घालायचं, मग पुढचा नंबर. कुंडी दिसली नाही तर जीभ तिथेच अडते. पुढे जाता येत नाही. कुठे गेलीय ते शोधायचं, जागेवर आणायची, मगच पुढचा नंबर. आधीचे माळी असंच करायचे, त्यांच्या आधीचेही.”

“म्हणजे कोणी कुंडी हलवली तर...”

“दुसऱ्या सकाळी कळतं. पहिल्या पाण्यालाच.”

ग्रंथपालांनी वही मिटली. “आणि समजा, ही कुंडी पलीकडच्या खोलीत सात आठवडे राहिली?”

“राहील कशी?”

“समजा राहिली.”

तिने झारी खाली ठेवली. प्रश्न तिच्या कामातला होता, म्हणून तिने त्याचा नीट विचार केला. “मग माळ्याने मुद्दाम राहू दिली म्हणायची. रोज दोनशे अकरा झाली की झारी घेऊन दार ओलांडून पलीकडे जायचं, हिला घालून परत यायचं, मग दोनशे तेरा. एक दिवस चुकून होईल, दोन दिवस होईल. सात आठवडे चुकून होत नाही, आजोबा. आणि ही कोरड्यातली. तिथल्या मापाने पाणी पडलं तर पंधरा दिवसांत मुळं कुजतात. जगली असेल, तर त्या माळ्याने हिचं माप वेगळं सांभाळलं असणार.”

“जगली,” ग्रंथपाल म्हणाले. “फुललीसुद्धा.”

“मग चांगला माळी असणार.”

दगडी कट्टा अजून होता. ग्रंथपाल त्यावर बसले. बसल्यावर त्यांना ते वाक्य ऐकू आलं, जे लिहायची गरज नव्हती. माळीबुवा म्हणाले होते, ‘आणखी आठ दिवस तिथेच असू द्या, साहेब. फुलं अजून मिटली नाहीत.’ अधीक्षकांना तो आडमुठेपणा वाटला होता. लेखनिकालाही. काम जातंय, आणि हा मनुष्य फुलांचं काय घेऊन बसलाय? त्या वेळी लेखनिकाला भीती फक्त एकाच गोष्टीची होती, आणि त्या भीतीपुढे त्याला दुसरं काही ऐकू आलं नव्हतं. माळीबुवांनी त्याच्याकडे पाहिलं ती नजर त्याने जन्मभर जपली होती. आता वाटलं, ते कदाचित एवढंच पाहत असतील, की आपण बोललो ते हा लिहून घेतोय की नाही.

त्यांचा हात सवयीने सदऱ्याच्या बटणाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतून मांडीवर परत आला.

“बरं वाटत नाही का?” बाईने विचारलं. “इथे गुदमरतं काही जणांना. पाणी देऊ?”

“नको. ठीक आहे मी.”

“दोनशे बाराला फारसं कोणी विचारत नाही. तुमच्यासारखेच एक म्हातारबाबा आले होते मागे. दिसत नव्हतं त्यांना, मुलगी हात धरून घेऊन आली होती. हिच्यापाशी आले, पान चाचपलं, मातीत बोट घातलं. मला म्हणाले, ‘बाई, हिला थोडं जास्त होतंय.’ मी मनात म्हटलं, आले शिकवायला. चार दिवस कमी घालून पाहिलं, तर पानं तरारली.”

“आणखी काय म्हणाले?”

“मग म्हणाले, मला पलीकडे ने. तीनशे सातजवळ गेले. तिच्या शेजारी कट्टा मोकळा आहे ना, त्या रिकाम्या दगडावर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ. मुलगी म्हणाली, ‘काय शोधताय बाबा?’ तर म्हणे, ‘काही नाही. माश्या अजून येतात का, ते ऐकतोय.’”

“येतात?”

“ती फुलली की येतात. बारीक असतात, डोळ्यांत जातात.”

“कधी आले होते ते?”

“पाच वर्षं झाली असतील. हो, पाच.” तिने झारी उचलली. “पुढच्या वर्षी मुलगी एकटीच आली होती. थोडा वेळ बसली तुम्ही बसलात तिथे, आणि गेली.”

ग्रंथपालांनी बसल्या जागी दगडावर हात ठेवला. बाईने घाई केली नाही. मग ती वाकली, दोनशे बाराच्या मातीत बोटाचं पेर बुडवून पाहिलं, आणि अगदी थोडं पाणी घातलं.

“दोनशे बारा,” ती म्हणाली. “दोनशे तेरा.”

•

घरी आल्यावर त्यांनी बूट काढले नाहीत. तसेच टेबलाशी बसले. मुद्रितांतल्या सातव्या प्रकरणावर, त्या गुळगुळीत वाक्यावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि समासात नवीन मजकूर लिहिला. समास पुरला नाही तेव्हा कागद चिकटवला. मग पत्राचा कागद घेतला. ताई दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा पत्र लिहून झालं होतं.

“एवढ्यात?” ती म्हणाली. “बघू.”

त्यांनी कागद पुढे केला. ती उभ्यानेच वाचू लागली.

‘आपलं पत्र नऊ वर्षांपूर्वी मिळालं होतं. मी उत्तर दिलं नाही. कुंडी मी हलवली होती. मला वाचायला बसायला जागा हवी होती, दुसरं काही कारण नव्हतं. तुमच्या वडिलांना ते दुसऱ्याच सकाळी कळलं. कुंडी परत जागेवर नेणं हे त्यांचं काम होतं, पण त्यांनी ती नेली नाही. एकोणपन्नास दिवस दुसऱ्या खोलीत जाऊन तिला तिच्या मापाने पाणी घातलं आणि फुलांकडे लक्ष ठेवलं. ती जोडी आहे हे सर्वांत आधी त्यांच्या लक्षात आलं. चौकशीत ते म्हणाले होते, आणखी आठ दिवस तिथेच असू द्या, फुलं अजून मिटली नाहीत. जबाब मी लिहीत होतो. हे वाक्य मी लिहिलं नाही, आणि कुंडी मी हलवली हेही सांगितलं नाही. पुस्तकात आता दोन्ही लिहिलं आहे. त्यांनी काही वाईट केलं नव्हतं.’

“प्रस्तावना नाही,” ताई म्हणाली.

“नाही.”

“अपवादही कुठे दिसत नाहीत.”

“नाहीत.”

ती खुर्चीवर बसली. पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘दुसरं काही कारण नव्हतं’ या ओळीवर तिचं बोट थोडं थांबलं. तिने भावाकडे पाहिलं. गेल्या आठवड्यापेक्षा तो तिला लहान दिसला, आणि दमलेला.

“तुझं काही उरलं नाही रे यात,” ती हळूच म्हणाली.

“नव्हतंच, ताई.”

“ती त्याला वाचून दाखवणार होती.”

“हो.”

“आता?”

ग्रंथपालांनी पाकिटावर पत्ता लिहायला घेतला होता. अक्षर अजूनही मोत्यासारखं होतं, फक्त ओळ थोडी खाली उतरत होती.

“तिची तिला वाचू दे,” ते म्हणाले.

पोस्टात रांग होती. खिडकीतल्या कारकुनाने पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं.

“साधं पाठवायचं की रजिस्टर?”

“साधं. पोचेल ना?”

“पत्ता बरोबर असेल तर पोचेल, आजोबा.”

“पत्ता नऊ वर्षांपूर्वीचा आहे.”

कारकुनाने वर पाहिलं. तिकिटावर शिक्का मारला आणि पाकीट पाठीमागच्या पोत्यात टाकलं. ते इतर पाकिटांवर पडलं आणि त्यांच्यातलंच एक झालं. ग्रंथपाल खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून पोत्याकडे बघत उभे राहिले.

मागच्या माणसाने थोडी वाट पाहिली. “आजोबा, झालं ना तुमचं?”

“हो,” ग्रंथपाल म्हणाले, आणि बाजूला झाले.